क्रोममधलं सर्च इंजिन आपोआप बदलतंय? मला लागू पडलेला उपाय

लक्षण: अ‍ॅड्रेस बारमध्ये काही शोधलं की क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकायचा आणि मगच निकाल दिसायचे. म्हणजे प्रत्येक शोध आधी तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवरून जात होता. सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन बदलता येईना, हा उद्योग करणाऱ्या एक्स्टेंशनचं (क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं) रिमूव्ह बटणही बंद. हिस्टरी पुसली, क्रोम काढून पुन्हा टाकलं, फरक शून्य. वैताग आला होता.

खरी खूण क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी होती: ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’. म्हणजे क्रोमवर कुणीतरी पॉलिसी, म्हणजे सक्तीच्या सेटिंग्ज, लादल्या होत्या. घरच्या कॉम्प्युटरवर कसली आलीय ऑर्गनायझेशन! (ऑफिसचा असेल तर हात लावू नका, तिथे ते रास्त असतं.)

विंडोजवर हा क्रम पाळा. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम://पॉलिसी’ इंग्रजीत टाइप करून ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ आणि ‘डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर’ने सुरू होणाऱ्या नोंदी बघा. क्रोम बंद करा. रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्राम) उघडून आधी बॅकअप घ्या, म्हणजे फाइल, एक्स्पोर्ट. मग ‘एचकी लोकल मशीन’ आणि ‘एचकी करंट युजर’ दोन्हींत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल या वाटेने जाऊन ‘क्रोम’ ही की (फोल्डरसारखी दिसणारी नोंद) डिलीट करा. क्रोम उघडून पॉलिसीच्या पानावर ‘रिलोड पॉलिसीज’ दाबा. आता एक्स्टेंशन निघतं. त्यानंतरच सर्च इंजिन बदला.

नोंदी परत उगवल्या तर त्या लिहिणारा प्रोग्राम अजून कॉम्प्युटरमध्येच आहे. आधी तो अनइन्स्टॉल करा.