हायपरसॉनिक टनेलमध्ये झिजणारं मॉडेल: नव्याने येणाऱ्यांसाठी

हायपरसॉनिक टनेल म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाचा हवेचा झोत मॉडेलवर सोडणारी चाचणी-यंत्रणा. वातावरणात परतणाऱ्या यानाचं उष्णतारोधक कवच झिजतं तेव्हा काय होतं, हे आम्ही तिथे तपासतो. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, खरं उष्णतारोधक मटेरियल लावूनच चाचणी का घेत नाही? माख ६ ला, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेगाला, प्रवाहाचं स्थिर तापमान (वाहत्या हवेचं स्वतःचं) एकूण तापमानाच्या (वेग घेण्याआधी तापवलेल्या हवेच्या) साधारण आठव्या हिश्श्यावर उतरतं. हवा ५०० केल्विनपर्यंत तापवली तरी मॉडेलसमोरचा झोत ६० केल्विनच्या आसपास असतो, आणि ही तापवातापवीसुद्धा मुख्यतः हवा द्रवरूप होऊ नये म्हणून. एवढ्यात कार्बन-फिनॉलिक, म्हणजे ते खरं उष्णतारोधक मटेरियल, ढिम्म हलत नाही. त्यासाठी आर्क-जेट (विजेच्या आर्कने वायू प्रचंड तापवणारी यंत्रणा) लागतो, पण तिथे वायुगतिक बलं नीट मोजणं अवघड.

मग कामी येतो कापूर. हो, कापूरच! पूड साच्यात दाबून नाकाडाचा आकार देतात आणि झोतात तो थेट वाफ होऊन उडतो. दाब एकसारखा बसला नाही तर एक बाजू आधी खाल्ली जाते आणि नसलेला पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली वळवणारा जोर) दिसू लागतो. म्हणून रन, म्हणजे झोत सोडून घेतलेली एक चाचणी, त्याआधी आणि नंतर मॉडेल स्कॅन करायचंच. सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) लॅमिनार, म्हणजे संथ वाहणारा, असेल तर नाक बोथट होत जातं. तो टर्ब्युलंट (खळबळणारा) झाला की बगला जास्त झिजतात आणि नाक टोकदार होतं, कधी खोलगटसुद्धा. श्लीरेन व्हिडिओत (यात हवेच्या घनतेतले फरक दिसतात) मॉडेलसमोरच्या शॉक लहरीचा बदलता आकार बघत बसावंसं वाटतं. पण तेव्हा नजर बॅलन्सच्या, म्हणजे मॉडेलवरची बलं मोजणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यांवरही हवी. रन चालू असतानाच मॉडेलचं वजन घटतं, गुरुत्वमध्य सरकतो आणि बॅलन्समधले ताण मोजणारे स्ट्रेनगेज तापून त्यांचं शून्य हलतं. वारा बंद असतानाची रीडिंग रननंतरही घ्या. कंटाळा येतो, तरी घ्या.

माझ्या मते शिकायची खरी गोष्ट वेगळीच आहे. ॲब्लेशनमुळे, म्हणजे या झिजेमुळे, एकाच वेळी तीन गोष्टी घडतात: आकार बदलतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि झिजेतून निघणारा वायू सीमास्तरात शिरून घर्षण व उष्णता कमी करतो. कापराच्या मॉडेलवर या तिन्ही एकत्र दिसतात. त्यामुळे ड्रॅग (हवेचा विरोध) बदलला तर तो नेमका कशामुळे, हे त्यातून सांगता येत नाही. झिजलेल्या आकाराची गुळगुळीत धातूची प्रत, तीच प्रत खरबरीत करून आणि सच्छिद्र भिंतीतून वायू सोडणारं मॉडेल अशा वेगळ्या चाचण्या लागतात. शॉक टनेलमध्ये (शॉक लहरीने क्षणभर झोत देणाऱ्या टनेलमध्ये) रन काही मिलिसेकंदांचाच असल्याने तिथे झिजेची वाट बघण्यात अर्थ नाही. या धातूच्या प्रतींसाठी मात्र शॉक टनेल उत्तम.

सुरुवातीला मॉडेल बनवणाऱ्या टेक्निशियनजवळ जाऊन बसा. साच्यातला दाब कुठे कमी पडतो हे त्यांच्या हाताला कळतं, आणि ते कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.