कॅन्सरच्या डॉक्टरांची भेट : रुग्णाने आणि घरच्यांनी तयारी कशी करावी

ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला माझी दहा-बारा मिनिटे येतात. ती वाढवणे माझ्या हाती फारसे नसते. मात्र त्यांतली पाच मिनिटे रिपोर्ट शोधण्यात जाऊ नयेत एवढी तयारी घरूनच करून येता येते, आणि ती कशी करावी हे मी गेली अनेक वर्षे प्रत्येक नव्या कुटुंबाला तोंडी सांगत आलो आहे.

सुरुवात फाईलपासून करावी. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत, सर्वांत नवा वर ठेवावा. त्यांच्यावर एक साधा कागद असावा आणि पहिला त्रास कधी जाणवला, मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणते औषध सोसत नाही, हे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहावे. काढे, भस्मे किंवा कुणा ओळखीच्याने आणून दिलेली पुडी चालू असेल तर तीही लिहावी. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवले जाते. परंतु अशा काही औषधांनी यकृताला इजा होते, आणि केमोथेरपी चालू असताना यकृत बिघडले तर दोष नेमका कशाचा हे आम्हाला ठरवता येत नाही.

स्कॅनचा नुसता छापील रिपोर्ट आणू नये, सीडीही आणावी. गाठीचा तुकडा काढून तपासला असेल (बायोप्सी) तर ज्या प्रयोगशाळेत तो तपासला तेथून त्या तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा आणि उरलेला तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे अर्ज करून मागून घ्यावेत. हे ठोकळे फार मोलाचे असतात. तीच काच दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिल्यावर कधी कधी निदान बदलते, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या तपासण्या याच ठोकळ्यावर होतात. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो या भीतीने अनेकजण तुकडा काढू देत नाहीत आणि महिनेच्या महिने घालवतात. योग्य पद्धतीने काढलेल्या तुकड्यामुळे तसे होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. वाया गेलेल्या महिन्यांत मात्र गाठ वाढतेच. दुसरे मत घेण्यासाठी थेट मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे असेही प्रत्येकाला आवश्यक नाही. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमधील, म्हणजे कॅन्सरवर उपचार करणाऱ्या देशभरातील रुग्णालयांच्या जाळ्यातील, रुग्णालये उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे मानतात, म्हणून आपल्या जवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे याची आधी चौकशी करावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट. रुग्णाला बाहेर बाकावर बसवून मुलगा आणि जावई फाईल घेऊन आत येतात आणि म्हणतात, “आईला काही सांगू नका.” सांगली जिल्ह्यातून आलेल्या एका बाईंच्या मुलाने तर आईच्या खुर्चीमागे उभे राहून मला हातानेच खूण केली होती. थोड्या वेळाने तो केसपेपरवर शिक्का मारून आणायला गेला. बाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, दाराकडे एकदा पाहिले आणि हळूच विचारले, “डॉक्टर, धाकटीचं लगीन वैशाखात धरू का आत्ताच उरकू?” त्यांना आजाराचे नाव कळलेच होते. त्यांना हवी होती ती मुदत, आणि ती सांगणारे घरात कुणी नव्हते. मी मुलाला परत बोलावले, आईचा प्रश्न आईच्याच तोंडून त्याला ऐकवला आणि मग आम्ही तिघे बोललो. लग्न मार्गशीर्षात झाले.

म्हणून रुग्णाला आत आणावे आणि खुर्ची डॉक्टरांच्या समोर त्यालाच द्यावी. त्याआधी घरी, शांत वेळी, “तुला काय वाटतंय, कशाचा आजार असेल?” एवढेच विचारावे आणि त्याला बोलू द्यावे. बहुतेक वेळा त्याचा अंदाज खरा असतो. त्याने विचारले तेवढेच सांगावे, पण जे सांगाल ते खोटे नसावे. केस गळायला लागल्यावर खोटे उघडे पडते आणि त्यानंतर घरच्यांच्या खऱ्या शब्दावरही त्याचा विश्वास बसत नाही. “मला काही कळायला नको, मुलगी ठरवील,” असे रुग्ण स्वतः म्हणत असेल तर तोही त्याचा अधिकार आहे, मात्र तो त्याने स्वतः सांगायला हवा.

प्रश्न लिहून आणावेत. पहिला प्रश्न असा असावा : हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, की आटोक्यात ठेवण्यासाठी? पुढचे सगळे निर्णय, जमीन विकण्याचासुद्धा, या उत्तरावर अवलंबून असतात, आणि तरीही हा प्रश्न न विचारताच अनेक कुटुंबे सही करून मोकळी होतात. दुसरा प्रश्न फायद्याचा. “धोका तीस टक्क्यांनी कमी होतो,” असे ऐकल्यावर तेथे थांबू नये, “शंभर रुग्णांपैकी किती जणांना?” असे विचारावे. शंभरांतल्या दहा जणांना आजार उलटणार असेल आणि औषधाने तो सात जणांनाच उलटत असेल, तर धोका तीस टक्क्यांनी घटला हे खरेच, पण लाभ तिघांना झाला. हे कळल्यावरही औषध घ्यावेसे वाटू शकते; ते कळून घ्यावे एवढेच माझे म्हणणे आहे.

महागड्या नव्या औषधाचे नाव निघाले तर कमी मात्रेचा किंवा दुसरा पर्याय आहे का हे विचारण्यात संकोच नको. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे, औषध साधारणतः दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम दिले जाते. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके आणि मान या भागांतील पुढच्या अवस्थेच्या कॅन्सरमध्ये तोंडावाटे घ्यायच्या केमोथेरपीसोबत ते दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण नुसत्या केमोथेरपीने १६.३ टक्के, तर सोबत हे औषध दिल्यावर ४३.४ टक्के होते. प्रत्येक औषधाला आणि प्रत्येक कॅन्सरला हे लागू होत नाही, पण “आम्हाला एवढेच परवडते, यात काय बसते?” हा प्रश्न वैद्यकाला शोभणारा आहे आणि तो ऐकून कुणी डॉक्टर दुखावला जाऊ नये.

केमोथेरपी सुरू झाल्यावर घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला तर तो नेहमीचा ताप समजून पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. केमोथेरपीने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो, म्हणून रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे आणि दारातच “केमो चालू आहे” हे सांगावे.

दुखण्याबद्दल पहिल्याच भेटीत बोलावे. शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा रोजचा आकडा आणि वेळ वहीत नोंदवावी. मला ती वही कित्येक स्कॅनपेक्षा उपयोगी पडते. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचे नाव काढताच घरचे म्हणतात, “ते शेवटी देतात ना? सवय लागेल.” ते शेवटचे म्हणून दिले जात नाही, दुखणे तीव्र आहे म्हणून दिले जाते, आणि कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतल्यास व्यसन लागणे विरळ असते. दुखू लागल्यावर गोळी शोधायची नाही. मॉर्फिनची साधी, म्हणजे परिणाम लवकर ओसरणारी, गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची. सोबत पोट साफ होण्याचे औषध रोज द्यायचे, कारण मॉर्फिनची मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. रुग्ण नेहमीपेक्षा फार गुंगीत वाटला किंवा श्वास मंदावला तर पुढची मात्रा न देता लगेच फोन करावा. तो नंबर मी स्वतः फाईलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून देतो. आपल्या डॉक्टरांनी लिहिला नसेल तर उठण्यापूर्वी मागून घ्यावा.