पेन्सिल पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेताय? या चुका टाळा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड, हात बरा, इन्स्टाग्रामवर चार चित्रांना दाद मिळालेली, आणि मग एक दिवस कुणीतरी विचारतं, "आमच्या बाबांचं काढून द्याल का?" बहुतेकांचा धंदा असाच सुरू होतो. माझाही झाला. रत्नागिरीत बसून बारा वर्षं पेन्सिल पोर्ट्रेटं करतोय. फसलेल्या ऑर्डरी आठवल्या तर हात चुकला म्हणून फसलेल्या फार थोड्या. बाकी सगळ्या पेन्सिल कागदाला लागायच्या आधी तरी बिघडल्या, नाहीतर चित्र हातावेगळं झाल्यावर.

फोटो न बघताच "हो" म्हणणं

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच ऑर्डरी गेलेल्या माणसांच्या असतात. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं असतं आणि फोटो म्हणून काय येतं? आधार कार्डावरचा चेहरा. किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत उभे असलेले काका, तेही अल्बममधल्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो, वर ट्यूबलाइटची चमक. चेहरा नखाएवढा. त्यातून तुम्ही जे काढाल ते अंदाजपंचे असणार, आणि ज्यांनी तो चेहरा चाळीस वर्षं रोज पाहिला त्यांना ते एका नजरेत कळतं. "छान आहे हो, पण आमचे बाबा नाही वाटत." या वाक्यावर कुठलंही शेडिंग चालत नाही.

म्हणून विसार घेण्याआधी फोटो मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो लहान होऊन अस्पष्ट होत नाही. अल्बममधला छापील फोटो असेल तर तो काढून जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणायला लावा. त्याच माणसाचे आणखी तीन-चार फोटो मागवा, वाईट असले तरी. कानाची ठेवण, हनुवटीवरची खळी, असं काहीतरी त्यातूनच सापडतं. माझा नियम साधा आहे: फोटो मोठा केल्यावर वरच्या पापणीची रेघ आणि नाकपुडीची कड वेगवेगळी दिसली नाही, तर ए-३ वर चेहरा घ्यायचा नाही. लहान आकार सुचवायचा किंवा हात जोडायचे.

सेल्फीचं दुखणं निराळं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान मागे जातात. नवखा चित्रकार ग्रिड (मापाच्या चौकटींची जाळी) टाकून तो फोटो इमानेइतबारे उतरवतो, आणि जितका इमानदार तितका चेहरा परका. अशा वेळी पाच-सहा फुटांवरून काढलेला दुसरा फोटो मागणं हाच उपाय.

सगळ्यात अवघड ऑर्डर म्हणजे "आई-बाबा एकत्र हवेत, पण एकत्र फोटो नाही." आईचा फोटो अंगणातला, ऊन डावीकडून. बाबांचा स्टुडिओतला, समोरून फ्लॅश. दोन्ही जसेच्या तसे शेजारी मांडले की कात्रणं चिकटवल्यासारखी दिसतात. ज्याचा फोटो चांगला त्याचा उजेड कायम ठेवा आणि दुसऱ्याच्या सावल्या, विशेषतः नाकाखालची आणि हनुवटीखालची, त्याप्रमाणे फिरवा. डोक्यांचे आकारही आधी ट्रेसिंगवर जुळवून घ्या आणि तो कच्चा आराखडा घरच्यांना दाखवा. तेव्हाच विचारून घ्यायचं: आईच्या कपाळाला कुंकू हवं का, बाबांच्या डोक्यावर टोपी हवी का, दाढी वाढलेली दाखवायची की घोटलेली. मी एकदा काचेवर चमक होती म्हणून चष्माच काढून टाकला. चित्र नेताना मुलगी एवढंच म्हणाली, "चष्म्याशिवाय आम्ही त्यांना कधी बघितलंच नाही." पुन्हा काढून दिलं. पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

काळं चमकतंय, मध्येच पांढऱ्या रेघा, गालावर डाग

या तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत.

चमक ही ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या कांडीची, जात आहे. कार्बनचे पातळ पापुद्रे एकावर एक, अशी त्याची घडण. ८बीसारखी मऊ पेन्सिल घेऊन जोर लावला की पापुद्रे आडवे बसतात आणि आरशासारखा उजेड परत फेकतात. केस काळेभोर करायला जावं, तर खिडकीसमोर धरल्यावर ते राखाडी, शिशासारखे दिसतात. जोर कमी करा, ४बी-६बीचे हलके थर चढवा. खरा काळा हवा असेल तर कार्बन पेन्सिल किंवा चारकोल (कोळशाची कांडी) वापरा, पण आधी. ग्रॅफाइट गुळगुळीत असतं, त्यावर चारकोल धरत नाही. केसांतले गडद भाग ठरवून घ्या, तिथे चारकोल, मग कडेने ग्रॅफाइट.

पांढऱ्या रेघा म्हणजे कागदाला पडलेले चर. ग्रिड आखताना २एचसारखी कडक पेन्सिल दाबून वापरली की रेघ खोडली तरी चर राहतो, आणि वरून मऊ पेन्सिल फिरवली की तो पांढरा उठून दिसतो. ग्रिड एचबीने, हात उचलून आखा. चर पडलाच असेल तर टोकदार कडक पेन्सिलने त्याच्या आत, चराच्याच दिशेने हळूहळू भरत जा. स्टंपने (शेडिंग पसरवायच्या कागदी कांडीने) घासू नका, कडा अजून काळ्या होतात.

गालावरचे डाग बहुधा बोटांचे. कातडीचं तेल कागदात मुरतं, तेव्हा दिसत नाही, पण शेडिंग चढलं की अंगठ्याचा ठसा उमटतो. हाताखाली कोरा कागद घ्या, खोडरबराचा चुरा तळहाताने झटकू नका, मऊ ब्रशने झाडा. बोटाने शेडिंग पसरवायची सवय शाळेत लागली असेल तर ती आजच सोडा.

कागदाबद्दल थोडक्यात: जाडी निदान २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), आम्लमुक्त, चेहऱ्यासाठी फार खरबरीत नको. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, ते उन्हाने उडत नाही. पिवळा पडतो तो स्वस्त कागद. रंगीत पेन्सिलींचं तसं नाही. त्यातले काही गुलाबी आणि जांभळे उजेडात फिके पडतात, म्हणून पेन्सिलीवरची लाइटफास्ट खूण बघूनच विकायचं चित्र करा.

पावसाळा

कोकणात राहणाऱ्याने यावर वेगळं लिहायलाच हवं.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे, दमट हवेत मारलं तर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसू शकते. कोरडा दिवस बघा, साधारण ३० सेंटिमीटरवरून दोन-तीन हलके हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या आणि आधी त्याच कागदाच्या कपट्यावर मारून पाहा. जवळून भसाभसा मारलं की थेंबांचे काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पांढऱ्या चारकोलने दिलेले डोळ्यांतले ठिपके फिक्सेटिव्हखाली विरतात, म्हणून ते शेवटी द्या. हेअर स्प्रेची युक्ती कितीही जणांनी सांगितली तरी ऐकू नका, तो कालांतराने पिवळा पडतो.

पण चित्राचं खरं नुकसान फ्रेमवाल्याकडे होतं. तो चांगला माणूस असतो, त्याला देवादिकांचे छापील फोटो फ्रेम करायची सवय असते. चित्र फेविकॉलने हार्डबोर्डवर चिकटवतो, वर थेट काच ठेवतो. पहिल्या पावसात काचेच्या आत दमट हवा कोंडते, ग्रॅफाइट काचेला लागतं, कागद फुगतो, मग बदामी ठिपके येतात आणि कसर खायला लागते. चिकटवलेलं चित्र सोडवताही येत नाही.

त्याला तीन गोष्टी सांगा. काच आणि चित्रामध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा, म्हणजे निदान दोन मिलिमीटरची पोकळी राहते. चित्र फक्त वरच्या दोन टोकांना, आम्लमुक्त कागदी पट्टीने टांगायचं. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही. आणि हार्डबोर्डला चित्र थेट टेकवायचं नाही, मध्ये आम्लमुक्त कागद घालायचा. घरी टांगताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, भिंतीशी हवा खेळती राहते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा घेणारी भिंत, दोन्ही टाळा.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात आणखी पसरते. फ्रेम उघडून चित्र सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने अलगद झाडा. ग्रॅफाइटवरून ब्रश फिरवायचा नाही.

"चित्र मी काढलं, म्हणजे हक्क माझाच"

इथे भलेभले चकतात. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम १७ आहे. साधारणपणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता, पण त्याच कलमात अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा. म्हणजे तुम्ही एका आजींचं, त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून, सुंदर पोर्ट्रेट केलं, पैसे घेतले, काही लिहून घेतलं नाही, आणि पुढे त्याच चित्राच्या प्रिंट विकायला काढल्या, तर आजींचा मुलगा तुम्हाला अडवू शकतो. कायदा त्याच्या बाजूने आहे. परदेशी चित्रकारांचे व्हिडिओ बघून आपण शिकतो, ते त्यांच्याकडचे नियम सांगतात. ते इथे लागू नाहीत.

उपाय किचकट नाही. विसार घेण्यापूर्वी एक मजकूर पाठवा आणि ग्राहकाकडून त्यावर सहीनिशी किंवा निदान लेखी होकार घ्या. माझा मजकूर असा: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. मूळ चित्र ग्राहकाचं. चित्रकार ते आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल, पण ग्राहकाला विचारल्याशिवाय त्याच्या प्रिंट विकणार नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, त्यामुळे कुणी बिचकत नाही. आणि गेलेल्या माणसाचा चेहरा इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, करार काहीही म्हणो.

हक्क ग्राहकाकडे गेला तरी एक गोष्ट तुमचीच राहते. कलम ५७ प्रमाणे चित्र आपण काढलं हे सांगण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच असतो. सही खोडून कुणी चित्र स्वतःच्या नावाने फिरवत असेल तर इथे बोट ठेवा. नोंदणी सक्तीची नाही, हक्क चित्र पूर्ण होताच निर्माण होतो. पण पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह जपून ठेवा.

दुसरी बाजूही बघा. नेटवरून उचललेला नटाचा किंवा क्रिकेटपटूचा फोटो कुणा फोटोग्राफरचा असतो. सरावाला ठीक, पण त्यावरून प्रिंट विकणं म्हणजे उसन्या बैलांवर नांगर धरणं. लोकमान्यांसारख्यांचे त्यांच्या हयातीत छापले गेलेले फोटो मुदतीबाहेर गेले आहेत, तिथे अडचण नाही. त्याहून बरं, स्वतःच्या कॅमेऱ्यातून काढलेला वाडा, बंदर, वारकरी घ्या.

प्रिंट

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्याच्या देवता घरोघरी भिंतीवर आल्या त्या छापील रूपात. तेव्हा प्रिंट म्हणजे कमी दर्जाचं काम असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. मनावर घ्या ते छपाईला.

मोबाइलच्या फोटोवरून प्रिंट काढू नका. ए-४ ला ३०० डीपीआय हवं तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. १६०० पिक्सेल लांबीच्या फाइलमधून जेमतेम सव्वापाच इंच नीट येतं. स्कॅनरवर आपोआप सुधारणा करणारं सगळं बंद करा, नाहीतर गालावरच्या फिक्या छटा पांढऱ्या होऊन जातात. ए-३ दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावं लागतं. कॅमेरा वापरणार असाल तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावा. समोरून दिवा मारला की ग्रॅफाइट चमकलंच.

छापून आलं की हिरवट किंवा तांबूस झाक दिसते, कारण मशीन काळा-पांढरा रंगीत शाया मिसळून बनवतं. फाइल ग्रेस्केलमध्ये (फक्त काळ्या-करड्या छटांत) द्या आणि आधी एक पट्टी छापून दिवसाच्या उजेडात बघा. "झिक्ले प्रिंट" (उंची इंकजेट छपाईचं नाव) म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर भुलू नका. शाई पिगमेंटची आहे का आणि कागद कापसाचा, आम्लमुक्त आहे का, हे दोन प्रश्न विचारा. मर्यादित आवृत्ती म्हणून ५० छापल्या, ७/५० (पन्नासातली सातवी) असा आकडा घातला, तर एक्कावन्नावी छापायची नाही.

नेटवर टाकायची फाइल लहान ठेवा, हजारएक पिक्सेल पुरे. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापून टाकता येतो, तो छातीवर किंवा खांद्यावरून आडवा न्या.

पैसे आणि पाकीट

निम्मी रक्कम आधी, उरलेली पुऱ्या झालेल्या चित्राचा फोटो पसंत पडल्यावर, चित्र पाठवण्यापूर्वी. दुरुस्त्या किती फुकट, ते आधी ठरवा. मी दोन देतो. "ओळखीतलं आहे" म्हणणाऱ्यांना सवलत द्या, विसार मात्र माफ करू नका. आणि कुणी अनोळखी ग्राहक घासाघीस न करता लगेच कबूल होऊन "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला, तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही.

पाठवताना काच घालू नका, फ्रेम हवीच असेल तर अ‍ॅक्रिलिक. सुटं चित्र असेल तर वर बटर पेपर, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन इंच मोठे सनबोर्ड (हलके, कडक फोमचे तक्ते). नळीत गुंडाळलेलं ए-३ उघडल्यावर सपाट व्हायला दिवस घेतं आणि ग्राहक घाबरून फोन करतो.

चित्रामागे, कडेला, हलक्या पेन्सिलीने तारीख लिहा आणि खाली "फ्रेम करताना चिकटवू नये". बॉलपेन नको, त्याचा चर पुढच्या बाजूला गालावर उमटतो.