कलिंगड तोडायची घाई : या चुका टाळा

आंबा उतरवून अढीत घातला की पिकतो. कलिंगडाचं तसं नाही. वेलापासून तुटलं की गोडी वाढायची थांबते. मग ते चार दिवस घरात ठेवा नाहीतर तांदळात पुरा. आकार बघून तोडणं ही म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक. फळ आधी मोठं होतं, साखर मागाहून भरते.

भरवशाची खूण म्हणजे बाळी. फळाचा देठ वेलाला ज्या पेरावर जोडलेला असतो, तिथूनच निघालेला कुरळा तंतू. बाळी हिरवी असेल तर फळाला हात लावू नका. पुरती सुकून तपकिरी झाली की फळ तयार होत आलं. इथेही गफलत होते. कुणी शेजारच्या पेराची बाळी बघतं. कधी पाण्याच्या ताणाने किंवा रोगाने अख्खा वेलच वाळत असतो. शेंड्याकडच्या बाळ्या हिरव्या आणि फळाजवळची तेवढी सुकलेली, असं असेल तरच ती खूण धरा.

मग फळ हलकेच कलतं करून पोट बघा. जमिनीला टेकलेला डाग पांढरा असेल तर थांबायचं, चांगला पिवळट हवा. गच्चीवर जाळीत टांगलेल्या फळाला हा डाग नीट येतच नाही. तिथे बाळी आणि दिवस, एवढाच आधार.

दिवस मोजायचे ते फळ धरल्यापासून. पाकिटावरचा आकडा बहुधा पेरणीपासूनचा असतो, आणि तिथेच फसगत होते. शुगर बेबीसारख्या लहान जातीला फळधारणेनंतर साधारण ३० ते ३५ दिवस लागतात, मोठ्या फळांच्या जातींना ४० ते ४५. थंडी असेल तर आणखी. फळ धरलं की देठाजवळ तारखेची चिठ्ठी बांधून टाका.

टिचकीचं कौतुक जरा जास्तच होतं. कच्चं फळ टणटण वाजतं, तयार फळ बदबद. पण जास्त पिकून गेलेलंही बदबदच वाजतं.

खरबूज पिकलं की देठापासून आपसूक सुटतं, कलिंगड सुटत नाही. ओढू-पिरगळू नका, दोनेक इंच देठ ठेवून कात्रीने कापा. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा. कोरड्या मातीत एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं.

आणि वेलावरच खाच पाडून आत डोकावू नका, फळ सडतं. एखादं कापून बघायचंच असेल तर सगळ्यात आधी धरलेलं कापा.