संघ वर आलाय खरा, पण जेतेपदापर्यंत जाईल का? चाहत्यांसाठी हंगाम मोजायची रीत

गेल्या वर्षी मधल्या घोळक्यात अडकलेला आपला फुटबॉल संघ यंदा पहिल्या तिघांत आहे, आणि सामना संपला की हात आपोआप गुणतक्त्याकडे जातो. हा आनंद मनापासून घ्यावा. फक्त ‘आपण सुधारलो’ आणि ‘आपण जिंकणार’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात. पहिली गोष्ट डिसेंबरपर्यंत आकड्यांत दाखवता येते, दुसरीला बहुतेक वेळा एप्रिल उजाडतो. दोन्हींची सरमिसळ झाली की एका पराभवानंतर अख्खा हंगाम वाया गेल्यासारखा वाटू लागतो. यासाठी एक वही किंवा स्प्रेडशीट, गेल्या हंगामाचे सगळे निकाल आणि आठवड्याला वीसेक मिनिटं पुरतात. खालचे हिशेब २० संघ आणि ३८ सामन्यांच्या लीगचे आहेत: विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. जर्मनीसारख्या ३४ सामन्यांच्या लीगमध्ये आकडे त्या प्रमाणात खाली आणा.

सुधारणा मोजायची ती त्याच सामन्यांवर

‘गेल्या वर्षी बारा सामन्यांत २१ गुण होते, यंदा २६ आहेत’ ही तुलना सगळे करतात आणि तीच फसवते. वेळापत्रक दरवर्षी बदलतं. यंदा पहिल्या बारांतच तळाचे चार-पाच संघ आपल्या मैदानावर येऊन गेले असतील, तर वाढलेल्या गुणांतला मोठा वाटा वेळापत्रकाचा आहे.

वहीत चार रकाने आखा: प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, याच सामन्यात गेल्या हंगामात मिळालेले गुण, यंदा मिळालेले गुण. प्रत्येक सामन्यानंतर चौथ्यातून तिसरा वजा करा आणि बेरीज पुढे ओढत न्या. गेल्या वर्षी बाहेर हरलो होतो तिथे यंदा बरोबरी झाली, तर +१. गेल्या वर्षी घरी जिंकलेला सामना यंदा बरोबरीत सुटला, तर −२, मग त्या दिवशी आपण गुणतक्त्यात अव्वल का असेना.

गेल्या वर्षी तळाला राहून खालच्या श्रेणीत गेलेल्या, म्हणून यंदा समोर नसलेल्या संघांचं काय करायचं? १८व्या क्रमांकावरून गेलेल्याच्या जागी दुसऱ्या श्रेणीचा विजेता धरा, १९व्याच्या जागी उपविजेता, २०व्याच्या जागी प्ले-ऑफ जिंकून आलेला. ही जोडी पहिल्या सामन्याआधीच लावून टाका. हंगामाच्या मध्यावर लावायला बसलात, तर नकळत आपल्या सोयीची लावाल.

आता ही बेरीज गेल्या हंगामाच्या एकूण गुणांत मिळवा. समजा गेल्या वर्षी ६३ गुण होते आणि पंधरा सामन्यांनंतर बेरीज +९ आहे. म्हणजे उरलेले तेवीस सामने हुबेहूब गेल्या वर्षीसारखे गेले तरी ७२ होतात. पुढच्या सामन्यांत काहीच सुधारणा धरलेली नसल्यामुळे हा अंदाज हात राखून केलेला आहे, आणि म्हणूनच भरवशाचा आहे. चार चाहते जमले की मुख्य गुणतक्त्याइतकीच या रकान्यावरही चर्चा व्हायला हवी. संघ नेमका कुठे बदलला ते इथे दिसतं: बलाढ्य संघांविरुद्ध, की गेल्या वर्षी हातातून सुटलेल्या सोप्या सामन्यांत. वर येणाऱ्या संघाचे बहुतेक जादा गुण दुसऱ्या प्रकारातून आलेले आढळतील.

जेतेपदाला किती गुण लागतात

प्रतिसामना गुण काढा आणि ३८ने गुणा. १.८च्या गतीने ६८ होतात, २.०ने ७६, २.२ने ८४, २.४ने ९१. ‘घरी जिंका, बाहेर बरोबरी करा’ या जुन्या सल्ल्याचे बरोबर ७६ गुण होतात. १९९६-९७मध्ये मँचेस्टर युनायटेडला ७५ गुणांवर इंग्लंडची प्रीमियर लीग मिळाली होती. त्यानंतर तेवढ्यावर ती कुणालाही मिळालेली नाही.

मात्र अमुक गुण झाले की जेतेपद पक्कं, असा आकडा नाही. २०२४-२५मध्ये लिव्हरपूल ८४ गुणांवर विजेते झाले: २५ विजय, ९ बरोबरी, ४ पराभव. आर्सेनलचे २०२२-२३मध्येही ८४च होते आणि ते दुसरे आले, कारण मँचेस्टर सिटीने ८९ केले. २०१८-१९मध्ये तर लिव्हरपूलने ९७ गुण केले, सिटीचे ९८ झाले. त्यामुळे वहीत आपल्या गतीशेजारी सर्वांत जवळच्या दोन प्रतिस्पर्ध्यांची गतीही लिहा. दहा सामन्यांच्या आत हा गुणाकार करू नका. तेवढ्यात एका वाईट रेफ्री-निर्णयाने अंदाज चार-पाच गुणांनी हलतो.

अर्धा हंगाम झाला की दोन्ही अर्ध वेगळे ठेवा. त्या २०२२-२३च्या आर्सेनलचे पहिल्या १९ सामन्यांत ५० गुण होते, उरलेल्या १९ सामन्यांत ३४. मार्चमध्ये मध्य बचावपटू विल्यम सालिबा जखमी झाला. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅमविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत २-०ची आघाडी घेऊन २-२ अशी बरोबरी झाली. इतक्या चांगल्या पूर्वार्धानंतर गती थोडी उतरणं साहजिक होतं. पण बचावाचा मुख्य आधार गेला आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याने विजयांची रांग लावली, तेव्हा त्या उताराला थांबाच उरला नाही. तरीही त्याआधीच्या हंगामात पाचव्या आलेल्या संघाची ती मोठी झेप होती, आणि त्यांच्या चाहत्यांना तिचा अभिमान वाटणं योग्यच होतं.

निकालामागचा खेळ

संघ एक-एक गोलने जिंकत असेल तर ते कौशल्य की नशीब, हे पाहायला ‘अपेक्षित गोल’ म्हणजे एक्सजी कामाला येतो. प्रत्येक फटक्याला जागा, कोन वगैरे पाहून गोल होण्याची शक्यता दिलेली असते. पेनल्टीला साधारण ०.७५ ते ०.८. पाच-पाच सामन्यांचे गट करून त्यांच्या बेरजा लिहा, कारण एका सामन्याच्या एक्सजीवरून काहीच ठरत नाही. पेनल्टी बाजूला काढा. मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) आणि एक्सजीचा फरक शेजारी ठेवा.

पंधरा सामन्यांत गोलफरक +१८ आणि एक्सजीचा फरक +७ असेल तर ११ गोलांचं अंतर कुठून आलं ते शोधा. आघाडीवीरांनी संधींपेक्षा बरेच जास्त गोल केले असतील, तर हा ओघ पुढे आटण्याची शक्यता जास्त. गोलरक्षकाने वाचवले असतील तर थोडा जास्त विश्वास ठेवता येतो, पण तोही पूर्ण नाही.

इथे एक गफलत हमखास होते. लवकर आघाडी घेणारा संघ मुद्दाम मागे सरतो आणि प्रतिस्पर्ध्याला लांबून फटके मारू देतो. मग सामन्याचा एक्सजी त्याच्या विरुद्ध दिसतो. म्हणून बरोबरी असतानाच्या मिनिटांतला एक्सजी वेगळा मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर साधी खूण लावा: पहिला गोल कुणी केला? सामन्यांमागून सामने पहिला गोल आपला असेल, तर वर आलेला संघ खरोखर वर आहे.

बचावाचा आकडा महिन्या-महिन्याने पाहा. लेस्टर सिटी २०१५-१६मध्ये ८१ गुणांनी विजेते झाले, त्याआधीच्या हंगामात ते १४वे होते. पण त्यांच्या पहिल्या नऊ सामन्यांत १७ गोल खाल्ले गेले होते. एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा, असं प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांनी खेळाडूंना सांगून ठेवलं होतं, आणि तो सामना दहावा ठरला: क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-०. त्या दहाव्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत, २९ सामन्यांत, फक्त १९ गोल खाल्ले गेले. ऑक्टोबरपर्यंतचे गोल पाहून कुणी त्यांना मजेदार पण कच्चा संघ म्हटलं असेल तर ते चूक नव्हतं. संघच नंतर बदलला. उलट उदाहरण २०१३-१४च्या लिव्हरपूलचं. १०१ गोल केले, ५० खाल्ले, आणि दोन गुणांनी मागे राहिले.

राखीव बाक

पहिल्या अकरा जणांची मिनिटं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हा सहा आठवडे नसला तर तिथे कोण? उत्तर लिहिताना पेन अडखळेल ती जागा धोक्याची. बहुधा ती मध्य बचावपटूची, बचावात्मक मिडफिल्डरची किंवा एकट्या आघाडीवीराची निघते.

कार्डांचा हिशेबही इथेच ठेवा. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी, ३२ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोनची. चार कार्डांवर असलेला मिडफिल्डर आणि पुढे मोठा सामना, हे आठवडाभर आधी कळलेलं बरं. आफ्रिकन खेळाडू असतील तर आफ्रिका कप (देशांच्या संघांची स्पर्धा, तेव्हा ते क्लबला मिळत नाहीत) कोणत्या महिन्यात येतोय तेही पाहून ठेवा. गुरुवारी रात्री युरोपीय क्लब स्पर्धेत खेळून रविवारी लीगचा सामना असेल तर त्या तारखांवर खूण करा. लेस्टरला त्या वर्षी युरोपचे सामने नव्हतेच, आणि जवळजवळ तोच संघ आठवड्यामागून आठवडा उतरवता आला.

आघाडी किती खरी

मार्च संपला की गती सोडून कमाल गुणांकडे वळा. प्रत्येक दावेदाराचे आत्ताचे गुण आणि उरलेले सामने गुणिले तीन, यांची बेरीज म्हणजे त्याचे कमाल गुण. उदाहरण घ्या. आपले ३२ सामन्यांत ७०, प्रतिस्पर्ध्याचे ३१ सामन्यांत ६६. चार गुणांची आघाडी ऐसपैस वाटते. पण त्याचे सात सामने उरलेत, म्हणजे कमाल ८७. आपले सहा, म्हणजे कमाल ८८. तो सगळे जिंकला तर आपल्याला सहाच्या सहा जिंकावे लागतील. एक बरोबरी झाली की आपण ८६वर अडकतो आणि गोष्ट आपल्या हातातून जाते. चारची आघाडी प्रत्यक्षात एका गुणाची आहे. आपसातला सामना बाकी असेल तर चित्र पालटतं: तो जिंकलो तर त्याचे कमाल ८४वर येतात.

हातातला जादा सामना म्हणजे तीन गुण, असं दोन्ही बाजूंचे चाहते धरून चालतात. तो सामना कुणाशी, कुठे आणि किती दिवसांच्या विश्रांतीनंतर आहे ते पाहिल्याशिवाय त्याला एक किंवा दोनच गुण द्या. आणि मोठ्या आघाडीनेही निवांत होऊ नका: न्यूकॅसल जानेवारी १९९६मध्ये १२ गुणांनी पुढे होते आणि शेवटी चार गुणांनी मागे राहिले.

गुण समान झाले तर

आपल्या लीगचा नियम आत्ताच वाचून ठेवा, तो सगळीकडे सारखा नाही. इंग्लंडमध्ये आधी गोलफरक, मग केलेले गोल. स्पेनमध्ये आधी आपसातले सामने: २००६-०७मध्ये रिआल माद्रिद आणि बार्सिलोना ७६वर बरोबर होते, बार्सिलोनाचा गोलफरक बराच चांगला होता, तरी जेतेपद माद्रिदला गेलं. इटलीत आता पहिल्या जागेसाठी गुण समान झाले तर निर्णायक सामना होतो.

गोलफरक मोजणाऱ्या लीगमध्ये ४-० पुढे असताना पाचव्या गोलसाठी ओरडणं मोलाचं असतं. २०११-१२मध्ये दोन्ही मँचेस्टर संघ ८९ गुणांवर थांबले. सिटी +६४, युनायटेड +५६. सिटीने ऑक्टोबरमध्ये युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ६-१ हरवलं होतं. त्या एका सामन्याने दोघांतलं अंतर दहा गोलांनी हललं, आणि शेवटी ते आठच उरलं. १९८९मध्ये तर आर्सेनल आणि लिव्हरपूल दोघेही ७६ गुण, +३७ वर होते. ७३ गोल विरुद्ध ६५, यावर आर्सेनल विजेते झाले.

शेवटचा दिवस

सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे दुसऱ्या मैदानावरच्या बातमीने डोकं भणभणतं. आदल्या रात्री तीन ओळींचा तक्ता करा: आपण जिंकलो, बरोबरी झाली, हरलो. प्रत्येक ओळीसमोर प्रतिस्पर्ध्याचा कोणता निकाल चालेल ते लिहा. मे २०२३मध्ये जर्मनीत शेवटच्या दिवसाआधी डॉर्टमंड दोन गुणांनी पुढे होते, पण बायर्नचा गोलफरक बराच चांगला. म्हणजे डॉर्टमंडची बरोबरी झाली तर बायर्नने जिंकता कामा नये, एवढाच अर्थ. डॉर्टमंडची माइंझशी २-२ बरोबरी झाली, बायर्न कोलोनमध्ये १-१वर अडकलं होतं, आणि ८९व्या मिनिटाला जमाल मुसियालाने गोल केला. दोघेही ७१, जेतेपद बायर्नला.

तक्त्याच्या खाली, सामना सुरू होण्याआधीच, वहीतली तोवरची बेरीजही लिहून ठेवा: गेल्या वर्षीच्या त्याच सामन्यांपेक्षा किती गुण जास्त, आणि +३ कुठे-कुठे आले. संध्याकाळी निकाल कोणताही लागो, तो आकडा तसाच राहणार आहे. आणि यंदाचा चौथा रकाना जपून ठेवा, पुढच्या हंगामाचा तिसरा रकाना भरायला तोच लागेल.