बेळगावात घर बांधताना आधी पश्चिमेची भिंत बघा

सोलापूरहून बेळगावात येऊन मला २१ वर्षं झाली. एवढ्या काळात आपली बरीच माणसं इकडे आली, त्यांनी घरं बांधली, आणि जवळजवळ प्रत्येकाने गावाकडचंच घर इथे उभं करायचा हट्ट धरला. सोलापूरकर उन्हाच्या धास्तीने बांधतो, पुणेकराला मोठ्या काचेच्या खिडक्या हव्या असतात. इथे खरी गाठ पावसाशी आहे. शहर साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या जवळ. जूनपासून नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर पाऊस आडवा झोडपतो.

माझी पश्चिमेची भिंत जांभ्याची होती आणि छज्जा जेमतेम एक फूट. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. पहिल्याच पावसाळ्यात आतून ओल आली. ठेकेदाराच्या सांगण्यावरून मी आतून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारून घेतला. पाणी शिरत होतं बाहेरून, आणि मी बंद केली ती आतून वाळायची वाट. पुढच्या श्रावणात रंगाला फुगे आले, आईच्या लुगड्यांच्या कपाटामागे काळी बुरशी चढली. सगळं खरवडून नव्याने करायला एक खोली बांधायचा खर्च आला.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो, ओल आतून झाकू नका, बाहेर अडवा. पश्चिमेला उतरत्या कौलांची पडवी काढा. ती जमत नसेल तर छज्जा निदान अडीच फूट ठेवा आणि त्याच्या खालच्या कडेला खाच पाडून घ्या, म्हणजे थेंब तिथेच गळतो, सरकत भिंतीपर्यंत येत नाही. जोत्यावर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, घालायला विसरू नका, नाहीतर जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. आतून चुन्याचा गिलावा करा, त्यातून भिंत वाळत राहते. बेळगावच्याच शहापूर भागातली जुनी घरं एकदा हिंडून बघा, उतरतं छप्पर आणि पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, कशासाठी असते ते कळेल.

पावसाळ्यात आतली वाफही तेवढीच त्रास देते. स्वयंपाक, अंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे यांचं पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर जमतं. मोरीत आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन हवाच. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा स्लॅब जास्त तापतो. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चिनी फरशीचे तुकडे, घाला, निदान चुना मारा. खिडक्या समोरासमोर ठेवल्या तर संध्याकाळचा वारा आरपार जातो. माझ्या घरात अजून एसी नाही. पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा उन्हासाठी पुरत नाही, कारण तिरपं ऊन त्याच्या खालून आत येतं. तिथे झाड लावा किंवा बाहेरून चटई सोडा.

बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणी-रायबागकडे घर बांधणार असाल तर हिशेब उलटा. तिथे पाऊस कमी, ऊन कडक. आपली सोलापुरी जाड भिंत तिथे शोभते.

कन्नड शिका. सरकारी कागद कन्नडात येतात, आणि मुकादम मराठी बोलला तरी त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना ते येईलच असं नाही. नीरु म्हणजे पाणी, गाळी म्हणजे वारा, गोडे म्हणजे भिंत, एवढ्यावर सुरुवात होते. आणि प्लॉटचा विसार देण्याआधी जुलैत भर पावसात तिथे अर्धा तास उभे राहा.