जॉन जे यांच्यावर लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश ही जॉन जे यांची ठरलेली ओळख. पण न्यूयॉर्कच्या या वकिलाने इतकी पदं भूषवली, आणि त्यातली काही एकाच वेळी, की चांगल्या लेखांतही घोळ होतो. लिहायला बसण्याआधी कागदावर चार रकाने पाडा: पद, सुरुवात, शेवट, नेमणूक कोणी केली. निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

‘वॉशिंग्टन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष’ हे वाक्य दिसलं की खुशाल खोडा. १० डिसेंबर १७७८ ते २८ सप्टेंबर १७७९ या काळात जे काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे, अध्यक्ष होते, म्हणजे सभेचं कामकाज चालवत होते. राष्ट्राध्यक्ष हे पद आलं १७८९ मध्ये. तसंच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही नाही. त्या वेळी ते न्यूयॉर्कच्या प्रांतिक काँग्रेसच्या कामात गुंतले होते. सही आहे ती ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहावर, फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स यांच्या जोडीला.

न्यायाधीशपदं दोन आहेत, ती एकत्र करू नका. १७७७ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १७८९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. घटनेविरुद्धचा कायदा कोर्ट रद्द ठरवू शकतं, हे ठरवणारा मार्बरी खटला त्यांच्या खात्यावर टाकणारे बरेच भेटतात. तो १८०३ चा, जॉन मार्शल यांच्या काळातला. जे यांच्या कोर्टाचा गाजलेला निकाल म्हणजे १७९३ चा चिशोम विरुद्ध जॉर्जिया. दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्यावर फेडरल (केंद्रीय) कोर्टात दावा लावू शकतो, असं कोर्टाने म्हटलं. राज्यं खवळली आणि १७९५ मध्ये अकराव्या घटनादुरुस्तीने तो निकाल निष्प्रभ केला. निकाल मोजकेच दिसतात म्हणून न्यायमूर्ती निवांत होते असं समजू नका. सुरुवातीला अपिलंच फारशी येत नसत, आणि न्यायमूर्तींचा बराचसा वेळ सर्किट कोर्टांसाठी, म्हणजे गावोगावी भरणाऱ्या फेडरल कोर्टांसाठी, खडतर रस्त्यांवरून फिरण्यात जाई.

‘लंडनला जाण्यासाठी सरन्यायाधीशपद सोडलं’ हेही चूक. १७९४ मध्ये ते पदावर असतानाच तहाच्या वाटाघाटींसाठी ब्रिटनला गेले. १७९५ मध्ये परतले तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले होते, म्हणून मग राजीनामा दिला. (१७९२ ची गव्हर्नरपदाची निवडणूक मात्र ते हरले होते, तीन काउंट्यांची मतं बाद ठरवली गेली होती.)

सगळ्यात जास्त गोंधळ तहांचा. १७८३ चा पॅरिस तह वेगळा. १७८६ मध्ये स्पेनचे दूत गार्दोकी यांच्याशी ठरत आलेला करार वेगळा. मिसिसिपीवरचा नौकानयनाचा हक्क काही वर्षं सोडण्याच्या कल्पनेवर दक्षिणेकडची राज्यं भडकली आणि तो बारगळला. ‘जे तह’ म्हणतात तो १९ नोव्हेंबर १७९४ चा. अमेरिकेच्या वायव्येकडचे आपल्या ताब्यातले किल्ले सोडण्याचं वचन ब्रिटनने १७८३ मध्येच दिलं होतं. या तहात त्यासाठी १ जून १७९६ ही मुदत ठरली. ‘सिनेटने तह जसाच्या तसा मंजूर केला’ असं लिहू नका. २० विरुद्ध १०, म्हणजे नेमक्या दोन तृतीयांश मतांनी तो तरला, तोही बारावं कलम वगळून. त्या कलमात वेस्ट इंडीजच्या व्यापारासाठी अमेरिकी जहाजांना अवघ्या ७० टनांची मर्यादा होती. तेरावं कलम मराठी लेखांत हटकून राहून जातं, आणि नेमकं तेच आपल्या जवळचं: ईस्ट इंडीजमधली ब्रिटिश बंदरं अमेरिकी जहाजांना खुली झाली, म्हणजे कलकत्ता-मद्रासबरोबर मुंबईही. अट अशी की तिथे भरलेला माल थेट अमेरिकेतच उतरवायचा.

नव्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतल्या ८५ लेखांपैकी जे यांचे फक्त पाच: २, ३, ४, ५ आणि ६४. कारण म्हणून ‘डोक्यात दगड लागला’ असं सर्रास छापलं जातं. तारखा लावून बघा. पाचवा लेख नोव्हेंबर १७८७ चा, चौसष्टावा मार्च १७८८ चा. दगड लागला एप्रिल १७८८ मध्ये: चिरफाडीसाठी वैद्यकीय विद्यार्थी थडग्यांतून प्रेतं उकरतात म्हणून न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली आणि जे ती शमवायला गेले होते. मधला खंड आजारपणाचा होता.

गुलामगिरीबाबत त्यांना नुसतं सुधारक किंवा नुसतं मालक ठरवणं दोन्ही सोयीचं, दोन्ही अपुरं. ते गुलामांचे मालक होते, आणि १७८५ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या मुक्तता संस्थेचे अध्यक्षही. गव्हर्नर म्हणून त्यांनी सही केलेल्या १७९९ च्या कायद्याने कोणीही लगेच सुटलं नाही. ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेली मुलंच त्यात येत, आणि त्यांनाही मुलगा असल्यास २८ व मुलगी असल्यास २५ वर्षांपर्यंत राबावं लागे. आधी जन्मलेल्यांची सुटका १८२७ मध्ये झाली.

१८०० च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्यांना पुन्हा सरन्यायाधीश नेमलं. ‘सिनेटने नाकारलं’ असं काही ठिकाणी वाचाल. सिनेटने मंजुरी दिली होती. नकार जे यांनीच कळवला. त्यानंतर मार्शल यांचं नाव पुढे आलं.

जन्मतारीख १२ की २३ डिसेंबर १७४५? दोन्ही बरोबर. ब्रिटन आणि वसाहतींनी १७५२ मध्ये कालगणना बदलली, तेव्हा ११ दिवसांचा फरक पडला. कोणती वापरता ते लिहा, म्हणजे झालं. मृत्यूच्या तारखेत असा घोळ नाही: १७ मे १८२९, वय ८३.